कस्तुरीचा स्विच

सांगलीत विश्रामबागेत एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर भाऊसोंच्या इंटरनेट कंपनीचं ऑफिस आहे. आतल्या खोलीत, काचेच्या दाराआड, एसीच्या गारव्यात मुख्य स्विच, म्हणजे नेटची वाट ठरवणारं यंत्र, बसवलेला आहे. मिरज, तासगाव, पलूस, जत, सगळीकडच्या वायरी शेवटी तिथं येतात. या स्विचला ऑफिसात सगळे 'कस्तुरीचा स्विच' म्हणत. तिच्यासमोरही म्हणत, आणि ती ते ऐकून कधी हसली नाही की कधी नको म्हणाली नाही. तिला ते हवंच होतं.

कस्तुरी पलूसकडची. वडील नेमिनाथ शेतकरी, ऊस आणि थोडी द्राक्षं. डिप्लोमा झाल्यावर तिचं लग्न करून टाकायचा त्यांचा विचार होता, पण ती हट्टानं भाऊसोंकडं नोकरीला लागली. पुढं लग्न झालं, नवरा जिनेश, त्याचं सांगलीत औषधाचं दुकान. नोकरी मात्र सुटली नाही. भाऊसो मूळचे सातारा जिल्ह्यातले, सैन्यात सिग्नलला, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या तुकडीत, होते. रिटायर होऊन त्यांनी आधी केबल टीव्हीचा धंदा केला, मग इंटरनेटचा. स्विचमधल्या कमांड त्यांना कळत नसत; शिस्त कळत असे. त्यांचा एकच नियम होता, मुख्य स्विचमध्ये काही बदलायचं तर दुसऱ्या माणसानं ते आधी वाचायचं. इतकी वर्षं तो नियम नावालाच होता, कारण वाचून समजेल असा दुसरा माणूसच ऑफिसात नव्हता.

मग अंकिता आली.

अंकिता कोयनानगरची. वडील जलविद्युत प्रकल्पात कामाला, त्यामुळं तिचं बालपण धरणाच्या वसाहतीत गेलेलं. इंजिनियर झाली, पुण्यात थोडी नोकरी केली, आणि आईच्या आजारपणामुळं गावाजवळचं काम शोधत सांगलीला आली. बारीक चणीची, भराभर चालणारी, बोलताना सातारी हेल. पहिल्याच दिवशी तिनं कस्तुरीला विचारलं, "ताई, मी तुमच्याशेजारीच बसू का? म्हंजी बगून शिकता येईल."

कस्तुरी म्हणाली, "बस की."

पण अंकिताला शिकायचं फारसं काही उरलेलं नाही, हे कस्तुरीला पहिल्या आठवड्यातच कळलं. कस्तुरी ज्या बिघाडाला अर्धी सकाळ घालवायची, तिथं अंकिताचं बोट थेट जाऊन थांबायचं. ती दिखावा करत नव्हती, आणि कस्तुरीला तेच जास्त लागायचं. उर्मट असती तर राग धरायला सोपं गेलं असतं.

भाऊसो कौतुकाच्या बाबतीत फार कंजूस. काम आवडलं तर "बेस झालं" एवढंच म्हणत. कस्तुरीनं तो शब्द इतक्या वर्षांत एकदा ऐकला होता, ऑफिस खालच्या मजल्यावर होतं त्या वेळच्या महापुरात सगळं सामान वर हलवून तिनं नेट चालू ठेवलं तेव्हा. अंकितानं मिरजेच्या एका हॉस्पिटलची तक्रार फोनवर बोलता बोलता मिटवली आणि भाऊसो दारातूनच म्हणाले, "बेस झालं, पोरी." कस्तुरी त्या वेळी चहा ओतत होती. तिनं कप भरून वाहीपर्यंत ओतला.

डब्याचंही तसंच. कस्तुरी जैन, कांदा-लसूण-बटाटा न घालणारी. तिच्या डब्यातली डाळीची आमटी ऑफिसात आवडीनं खाल्ली जायची. अंकिता नाचणीची भाकरी आणि झणझणीत ठेचा आणू लागली, तशी सगळ्यांची बोटं तिकडं वळली. एके दिवशी अंकितानं एक वेगळी छोटी डबी कस्तुरीपुढं सरकवली. "ताई, ह्यात लसूण न्हाई. तुमच्यासाठी आईकडनं येगळा करून घेतला."

कस्तुरीनं तो ठेचा खाल्ला. चांगला होता. घरी गेल्यावर ती जिनेशला म्हणाली, "लय गोड वागती ती पोरगी. पोटात काय असंल कुणाला ठाऊक."

जिनेश म्हणाला, "काय असणार? ठेचा दिला की तिनं."

"तुला न्हाई कळायचं."

ती रोज संध्याकाळी सगळे गेल्यावर अंकितानं दिवसभरात दिलेल्या कमांड उघडून वाचायची. चूक शोधायची. सापडायची नाही. उलट दोनदा तिला त्यात नवीन काहीतरी सापडलं, आणि तिनं ते गुपचूप आपल्या कामात वापरलं. वापरताना तिची कानशिलं तापली, पण वापरलं.

कस्तुरीच्या वर्मी सगळ्यात जास्त लागली ती नावांची गोष्ट.

मुख्य स्विचमध्ये कस्तुरीनं बरेच रूट मॅप लिहून ठेवले होते. रूट मॅप म्हणजे स्विचला दिलेल्या क्रमवार सूचना. कोणत्या गावाची वाट घ्यायची, कोणती नाकारायची, कुणाला साताऱ्याकडून येणाऱ्या मोठ्या लाइननं न्यायचं आणि कुणाला कोल्हापूरच्या, हे सगळं त्यात असतं. कस्तुरीनं त्यांना के-एक, के-दोन, के-तीन अशी नावं दिलेली. 'के' म्हणजे कस्तुरी. के-चारमध्ये काय आहे हे तिच्याशिवाय कुणाला सांगता येत नसे. सुट्टीवर गेली तरी तिला फोन करावाच लागे, आणि फोन आला की ती जिनेशकडं बघून कंटाळल्यासारखं करायची, पण आतून सुखावायची.

अंकितानं भाऊसोंना विचारून ही नावं बदलायला घेतली. जतचा मॅप असेल तर 'जत' असंच नाव, आणि प्रत्येक नोंदीपुढं ती कशासाठी आहे याची एक ओळ. भाऊसो चष्मा लावून पडद्यापुढं वाकले आणि म्हणाले, "आयला, आता मलाबी वाचता येतंय की गड्या!"

कस्तुरी म्हणाली, "हो, सोपं झालं." आणि तिला वाटलं, आपल्या घराची दारं कुणीतरी सताड उघडी टाकली.

शेवटी के-चार राहिला. जतचा. त्यात नुसतं नाव बदलायचं नव्हतं, जतच्या हॉस्पिटलला नवीन फायबर टाकली होती, म्हणून मॅप नव्यानंच लिहायचा होता. जतकडची बाकीची गावं जुन्या टॉवरवरून येत, ती तशीच ठेवायची होती.

आता रूट मॅपचा एक स्वभाव आहे. स्विच नोंदी नंबरानं वाचत जातो, दहा, मग वीस, मग तीस. जी नोंद पहिल्यांदा जुळेल तिच्याप्रमाणं वागतो आणि थांबतो. जी वाट कुठल्याच नोंदीत बसत नाही, ती शेवटी आपोआप नाकारली जाते. हा शेवटचा नकार पडद्यावर कुठंच लिहिलेला दिसत नाही. म्हणून जाणता माणूस शेवटी एक रिकामी नोंद ठेवतो, तिचा अर्थ 'उरलेल्या सगळ्यांना येऊ दे'. ती घालायची राहिली, की उरलेली गावं मुख्य स्विचला ओळखूच येत नाहीत.

अंकिताला हे माहीत होतं. याआधीच्या प्रत्येक मॅपमध्ये तिनं ती नोंद न विसरता घातली होती. पण त्या सकाळी भाऊसोंना पलूसच्या एका कारखान्यात तिला घेऊन जायचं होतं, खाली त्यांच्या जीपचा हॉर्न वाजत होता. अंकितानं दहाची नोंद लिहिली, हॉस्पिटल. वीसची लिहिली, तिथल्या बँका. मग हॉर्न पुन्हा वाजला आणि तिनं ओरडून सांगितलं, "आले, आले!" कस्तुरीकडं वळून म्हणाली, "ताई, एकदा बगा हं. लावू का?"

कस्तुरीनं पडदा बघितला. दहा होती. वीस होती. तीस नव्हती.

तिनं ती उणीव लगेच बघितली. तोंड उघडून फक्त 'अगं' म्हणायचं होतं. इतके दिवस ती ज्या एका चुकीसाठी संध्याकाळी थांबत होती, ती समोर होती, आणि अंकिता तिच्याकडं विश्वासानं बघत होती.

"लाव," कस्तुरी म्हणाली.

अंकितानं मॅप लावला, हॉस्पिटलची लाइन तपासली, ती उत्तम चालली, आणि ती पर्स घेऊन जिना उतरली.

कस्तुरीनं मनाशी ठरवलं होतं ते एवढंच, की थोडा गोंधळ होऊ द्यायचा आणि मग आपण तो निस्तरायचा. दोन ओळींचं काम. पण भाऊसो आणि अंकिता पलूसच्या रस्त्याला लागलेले. ते नसताना निस्तरलं तर बघणार कोण? ती खुर्चीत बसून राहिली. फोन करून त्यांना बोलावलंही नाही. तक्रारी त्यांच्यापर्यंत जातील आणि ते परततील, असा तिचा हिशोब.

पहिला फोन जतच्या पूर्वेकडच्या एका गावातून आला, रेशन दुकानदार बाळासोंचा. त्या गावात सिमवर बोलणं होतं, पण इंटरनेट धरत नाही, म्हणून त्यांनी अंगठ्याच्या मशिनला भाऊसोंचं नेट घेतलेलं. "मॅडम, मशिन चालंना. बाहीर माणसं उन्हात उबी हायती."

"बघतो आम्ही. जरा थांबा."

मग एका शाळेचा फोन आला, मग दूध डेअरीचा. कस्तुरी प्रत्येकाला तेच सांगत होती. आवाज शांत होता. मधे तिनं दोन ओळी टाइपही करून ठेवल्या, फक्त एंटर दाबायचं बाकी. हात कीबोर्डवर होता. तो तिनं मागं घेतला.

बाळासोंचा फोन परत आला. या वेळी त्यांनी फोन दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात दिला. "तुमीच सांगा ह्यास्नी," असं लांबून ऐकू आलं, आणि एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

"अक्का, मी साळूबाई बोलत्ये. मेंढरं घिऊन उद्या आमी नदीकडं निगणार. आज दाणं न्हाई मिळालं तर परत कवा यायचं मी? चालू हुतंय का? खरं सांगा, म्हंजी मी थांबत्ये."

कस्तुरीनं पडद्यावरच्या त्या दोन ओळींकडं पाहिलं. ती म्हणाली, "होतंय, आजी. थांबा तुम्ही."

आणि तरीही तिनं एंटर दाबलं नाही. कारण तेवढ्यात भाऊसोंचा फोन आला होता, "आम्ही निम्म्या वाटंतनं माघारी फिरलोय. काय झालंय जतला?" आता ते येतीलच, आलेच, एवढ्यासाठी ती थांबली. पण तासगावच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता, आणि ते यायला दुपार झाली.

भाऊसो घामाघूम जिना चढून आले. मागोमाग अंकिता, चेहरा पांढरा. कस्तुरीनं त्यांना पडद्यासमोर उभं केलं. "हे बघा. शेवटची मोकळी नोंद राहिली होती." तिनं एंटर दाबलं. जतची गावं एकेक करून यादीत परत आली, आणि फोन वाजायचे थांबले.

"बेस झालं, कस्तुरी," भाऊसो म्हणाले. मग अंकिताकडं वळले. "आणि तू? दुसऱ्याला दाखवल्याबिगर लावलंस व्हय गं?"

कस्तुरीला वाटलं, आता ती सांगणार, ताईंनी बघितलं होतं म्हणून.

अंकितानं एकदा कस्तुरीकडं पाहिलं. "चूक माझी हाय, काका," ती म्हणाली. "घाई केली मी."

कस्तुरी वर्षानुवर्षं ज्या शब्दाची वाट बघत होती तो तिला मिळाला होता, आणि त्याच घडीला तिला अंकिताचा पहिल्यापेक्षा जास्त हेवा वाटला. हुशारीत ती वरचढ होतीच. आता मनाच्या मोठेपणातही निघाली. त्या रात्री जेवताना ती जिनेशला एवढंच म्हणाली, "तिनं माझं नाव घ्यायला पायजे होतं." जिनेशला काही कळलं नाही आणि तिनं सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊसोंनी दोघींना जीपनं जतला धाडलं. बाळासोंनी कनेक्शन काढून टाकायची धमकी दिली होती, त्यांची समजूत घालायची होती. कवठेमहांकाळ सोडल्यावर माळ सुरू झाला, टेकड्यांवर पवनचक्क्या फिरत होत्या, रस्त्याकडेला पाण्याचे टँकर उभे. दोघी फारसं बोलल्या नाहीत. अंकितानं वाटेत भडंगाची पुडी उघडून पुढं केली, कस्तुरीनं मान हलवून नको म्हटलं.

बाळासो भला माणूस निघाला. थोडं बोलला, मग स्वतःच चहा मागवला. मशिन आता व्यवस्थित चालत होतं, दोन बायका अंगठा लावून गहू घेऊन गेल्या.

कस्तुरीनं विचारलं, "काल एक साळूबाई म्हणून होत्या. त्यांना मिळालं का नंतर?"

"कुठलं वं. तुमी थांबा म्हनलासा म्हणून बसली हुती की ती. ऊन कलाया लागलं, कोकरं घरी उपाशी, मग उठून गेली. नेट आलं ती गेल्यावर थोड्या येळानं." बाळासोंनी कपातला चहा बशीत ओतला. "आज उजाडायच्या आत त्यांची मेंढरं निगाली. आता पाऊस झाला म्हंजी यील माघारी."

"कुठल्या रस्त्यानं गेल्या?"

"मेंढरास्नी काय रस्ता अस्तोय? रान दिसंल तिकडं."

परतताना रस्त्याकडेला एक कळप दिसला तेव्हा कस्तुरीनं ड्रायव्हरला जीप थांबवायला लावली. उतरून तिनं मेंढक्याला साळूबाईंचं नाव विचारलं. तो कळप दुसऱ्याच वाडीचा होता. ती तशीच धुळीत उभी राहिली. अंकिता खाली उतरून तिच्याजवळ आली.

"ताई, चला. मी चुकले, तुमी कशाला एवढं लावून घेता?"

"मी बघितलं होतं," कस्तुरी म्हणाली.

"काय?"

"तीसची नोंद नव्हती ते. तू विचारलंस तेव्हाच बघितलं होतं. आणि 'लाव' म्हणाले. नंतर नीट करायच्या ओळीसुद्धा लिहून ठेवल्या होत्या. भाऊसोंच्या समोर करायचं म्हणून थांबले. त्या म्हातारीला थांबा म्हणाले आणि स्वतःसाठी थांबले."

मेंढरं त्यांच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली.

"का पण?"

"तू माझ्यापेक्षा चांगली हायस म्हणून." घरी बोलते तशी बोली कस्तुरीच्या तोंडून आपसूक आली. "तू आल्यापास्नं मला नीट झोप न्हाई."

"मला वाटलं, तुमच्या नजरंतनं सुटलं असंल," अंकिता म्हणाली. "म्हणून तुमचं नाव न्हाई घेतलं. माणसाच्या नजरंतनं सुटतंय कवातरी. मी रातभर रडले, ताई. आईला फोन करून सांगितलं, मला हे काम येत न्हाई म्हणून."

कस्तुरी तिच्या हाताला हात लावायला गेली, अंकितानं तो बाजूला केला आणि जाऊन जीपमध्ये पुढं ड्रायव्हरशेजारी बसली.

सांगलीत पोचल्यावर कस्तुरी थेट भाऊसोंच्या केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगितलं. भाऊसोंनी मधे एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर ते खिडकीतून खालच्या रहदारीकडं बघत राहिले.

"सिग्नलला असताना," ते म्हणाले, "निरोप चुकला तर माफी हुती. निरोप दाबून ठिवला तर न्हवती."

"मी उद्यापासून येत नाही," कस्तुरी म्हणाली.

"ते सोपं हाय. पळून जायाचं." भाऊसो वळले. "मुख्य स्विच अंकिताकडं. तू तिच्या हाताखाली. जमत असंल तर ये, न्हाईतर हिशोब करून टाकू."

घरी जिनेश म्हणाला, सोड ती नोकरी, आपल्या दुकानात बस. कस्तुरीनं रात्री विचार केला. दुकानात बसली असती तर मान वर करून बसता आलं असतं, कुणाला काही कळलं नसतं. पण वायरींचं ते काम तिला आवडत होतं. अंकिताचा हेवा ज्या कामापायी वाटत होता, ते काम सोडणं तिच्याच्यानं झालं नाही. सकाळी ती डबा घेऊन ऑफिसला गेली.

पहिले महिने वाईट गेले. अंकिता तिला आता 'ताई' म्हणत नसे, 'मॅडम' म्हणे. डबी सरकवत नसे. कामापुरतं बोले, आणि स्वतः लिहिलेला प्रत्येक बदल कस्तुरीकडून मोठ्यानं वाचून घेई. ओळ अन् ओळ. कस्तुरी वाचायची. एकदा तिला एक कमांड कळली नाही. तिनं ती ओलांडून पुढं वाचलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. ती थांबली आणि म्हणाली, "हे काय केलंयस? मला येत नाही हे. सांग."

एवढ्या वर्षांत तिनं 'मला येत नाही' हे ऑफिसात कधी म्हटलं नव्हतं. अंकितानं तिच्याकडं बघितलं, खुर्ची थोडी जवळ ओढली आणि समजावून सांगायला लागली. आधी तुटकपणे, मग विषयात रमली आणि तिचा सातारी हेल परत आला.

याला आता वर्ष होऊन गेलं. जतची गावं कस्तुरीकडं आहेत, महिन्यातून एकदा ती तिकडं जाते. पावसाळ्यानंतर बाळासोंकडं तिनं साळूबाईंची चौकशी केली, तर त्या येऊन धान्य घेऊन गेल्या होत्या आणि नेटची गोष्ट त्यांच्या लक्षातही नव्हती. कस्तुरीला हलकं वाटायला हवं होतं. तसं फारसं वाटलं नाही.

हेवा गेला म्हणावं तर तोही गेलेला नाही. मागच्या महिन्यात पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं अंकिताला बोलावणं धाडलं, तिनं नकार दिला, आणि कस्तुरीला आधी मनापासून आनंद झाला आणि लगोलग वाटलं, आपल्याला कुणी असं बोलावलं नाही. तिनं ते अंकिताला सांगूनही टाकलं. अंकिता हसली. "लय जळता तुमी, ताई," ती म्हणाली, आणि पडदा तिच्याकडं फिरवला. "हे वाचा आधी. तासगावचं हाय."

कस्तुरीनं चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.